सुरकुत्यांत भरलेली लांबी

मित्रांनो, मी एक जुना योद्धा आहे. उंचीने तुमच्या अंगठ्याएवढा, पण माझी कुऱ्हाड माझ्याहून मोठी. टेबलावर राक्षस, जादूगार आणि ड्रॅगन मांडून लढाया खेळतात ना, त्या खेळातला मी बुटका सरदार. माझा जन्म साच्यात झाला. घडवणाऱ्याने माझ्या कपाळावर सात सुरकुत्या कोरल्या, डाव्या गालावर एक व्रण दिला आणि दाढीच्या तीन वेण्या घातल्या. ही बढाई नाही, पुढचे नीट कळावे म्हणून सांगतो. थोडी बढाई आहेच, पण ती असू द्या.

मला विकत घेणारी ताई कॉलेजात शिकते. रविवारी तिच्या मैत्रिणी घरी जमतात आणि लढाई रंगते. मला रंगवायला ताईला कधी सवडच झाली नाही. त्यामुळे तीन वर्षे मी नुसत्या राखाडी प्लास्टिकच्या अंगाने लढलो. समोरचा राक्षस जांभळा, त्याचे दातसुद्धा रंगवलेले. मला फार ओशाळल्यासारखे व्हायचे.

ताईचे बाबा रंगारी. तीस वर्षे त्यांनी लोकांची घरे रंगवली. एक दिवस ते शिडीवरून पडले आणि गुडघा मोडला. पुन्हा शिडी चढायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हापासून रंगारीकाका खुर्चीत बसून समोरची भिंत बघत आणि कोपऱ्यात ओल आल्याचे दर दहा मिनिटांनी सांगत. ताईच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, नाकी नऊ आले.

"यांना कशात तरी गुंतव गं," त्या ताईला म्हणाल्या, "नाहीतर आता मीच शिडीवर चढून बसते."

खरे म्हणजे काकांना भीती वाटत होती. आपल्या हातांना आता काही काम उरले नाही, याची भीती. ते कुणाजवळ बोलले नाहीत, पण हात मांडीवर पालथे टाकून तासन्‌तास बसत. ते पाहून कुणालाही कळले असते.

ताईने मला काकांपुढे उभे केले. शेजारी रंगाच्या चिमुकल्या बाटल्या आणि तीन बारीक ब्रश ठेवले. "बाबा, पुढच्या रविवारपर्यंत हा रंगवून द्याल? मला वेळच होत नाही," असे म्हणून ती कॉलेजला गेली. काकांनी मला उजेडात धरले, फिरवले आणि नखाने खरवडून पाहिले.

"फार भेगा आहेत," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या भेगा नव्हत्या. तो माझा चेहरा होता.

पण तीस वर्षांची सवय एका दुपारीत जाते थोडीच? काकांनी लांबी कालवली. लांबी म्हणजे भिंतीच्या भेगा बुजवायचा मऊ लगदा. पत्र्याच्या टोकाने ती त्यांनी माझ्या सातही सुरकुत्यांत दाबून भरली. व्रण बुजला, चिलखताच्या कड्या बुजल्या, दाढीच्या वेण्यांची एक पाटी झाली. वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवला, त्यात नाकाचा शेंडा गेला. मग बाटल्यांकडे पाहून "एवढ्याशा रंगात काय होणार?" असे म्हणत त्यांनी काकूंना माळ्यावरून डबा काढायला लावला. कुणाच्या तरी बेडरूमचा उरलेला मोरपंखी रंग होता. त्याचे माझ्यावर दोन हात बसले. मी साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालो, आणि काका मला लांब धरून कौतुकाने बघत राहिले.

संध्याकाळी ताई आली. तिने मला उचलले आणि उलटसुलट फिरवून पाहिले.

"बाबा, हा कोण?"

"बिघडवला का गं मी?"

"तसं नाही. फक्त याला आता चेहरा नाहीये."

स्वयंपाकघरातून काकूंचे दाबलेले हसू ऐकू आले. काकांनी ब्रश पुसून बाजूला ठेवले. "तूच कर. हे माझं काम नव्हे." मीही मनात म्हटले, नाहीच मुळी. पण त्यांचे हात पुन्हा मांडीवर पालथे पडले आणि माझा निम्मा राग तिथेच उतरला.

ताई चिकाटीची. तिने मला उग्र वासाच्या पाण्यात दोन दिवस भिजत ठेवले, मग जुन्या टूथब्रशने घासले. सहा सुरकुत्या परत आल्या. सातवी आणि नाकाचा शेंडा कायमचे गेले. तिने मला पुन्हा काकांच्याच हातात दिले.

"बाबा, भिंतीवरचा खड्डा लपवायचा असतो. इथे तो दाखवायचा असतो. रंगात पाणी घाला, दुधासारखा पातळ करा. तो आपोआप खड्ड्यात जाऊन बसतो."

"म्हणजे आजवर केलं त्याच्या अगदी उलट."

"अगदी उलट."

"मग जमेल," काका म्हणाले. "काय करायचं नाही, ते मला चांगलं पाठ आहे."

आणि खरेच जमू लागले. माझ्या पट्ट्याचा काठ त्यांनी एका दमात सरळ ओढला. तसा काठ ओढणारा हात मी तरी दुसरा पाहिला नाही. डोळ्यांपाशी मात्र घोडे अडले. उजवा झाला. डाव्यासाठी काकांनी श्वास रोखला, ब्रश टेकवला, तेवढ्यात काकू घाबरून म्हणाल्या, "अहो, श्वास घ्या." त्यांनी घेतला. डावे बुबुळ कुऱ्हाडीकडे घसरले. उजवे दाराकडेच राहिले.

रविवार उजाडला होता, पुसायला वेळ नव्हता. मैत्रिणी आल्या, मी टेबलावर चढलो. एकीने वाकून पाहिले आणि विचारले, "हा असा का बघतोय?"

"त्याला दोन्हीकडचे शत्रू एकदम दिसतात," ताई म्हणाली. "माझ्या बाबांनी रंगवलाय."

काका खुर्चीत मान खाली घालून बसले होते. ती मैत्रीण मात्र माझ्या पट्ट्याकडे निरखून बघत होती. तिने पिशवीतून आपला राखाडी ड्रॅगन काढला आणि काकांपुढे ठेवला. "काका, हाही करून द्याल?"

काकांनी ड्रॅगन हातात घेतला, पंख बोटाने चाचपले. "घाई नसेल तर घेतो. दोन आठवडे धरा." गिऱ्हाइकाशी बोलतानाचा तो आवाज घरात किती तरी महिन्यांनी उमटला. काकू हातातले काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी काहीतरी पहिल्यांदाच शिकत असेल. त्याचे काम बिघडेल, एखादे नाक जाईल. तरी हसून झाल्यावर त्याच्या हातातला ब्रश काढून घेऊ नका. मला बिननाकाचे, तिरळे राहायला काही अडचण नाही. ते हात रिकामे बघवत नव्हते.