वाऱ्याची वाट

चंदनाच्या उदबत्तीचा वास आला की माझ्या डोळ्यांपुढे देव उभे राहत नाहीत, सुधीर उभा राहतो. करी रोडच्या आमच्या चाळीतली गॅलरी, कलत्या दुपारचं पिवळं ऊन, आणि पुठ्ठ्याच्या छोट्या घरापुढे गुडघे टेकून बसलेला माझा धाकटा भाऊ. आर्किटेक्ट झाला तरी बोटांना डिंक लागलेलाच. पुठ्ठ्याच्या दारापाशी उदबत्ती धरून तो श्वास रोखून बघत राहायचा. धूर पडवीतून आत शिरायचा, माजघरात क्षणभर घुटमळायचा आणि त्या घरातल्या माझ्या खोलीच्या खिडकीतून अलगद बाहेर पडायचा.

"बघ ताई, वारा तुला भेटूनच जातो."

ते घर वेंगुर्ल्याकडे समुद्राकाठी, वडिलांनी त्याच्या नावावर ठेवलेल्या जमिनीत उभं राहणार होतं. शाळेतली माझी नोकरी संपली की मी तिथे राहायला जायचं, हे आमच्यात इतकं ठरलेलं होतं की पुन्हा विचारणं मला अविश्वासाचं वाटलं असतं. चिऱ्याच्या भिंती, पावसाला अंगणातच थोपवणारं खोल उतरतं छप्पर. आणि तिथल्या म्हाताऱ्या उंडीच्या झाडासाठी त्याने अख्खी भिंत वळवली होती. पुठ्ठ्याशेजारी उंडी म्हणून तुळशीची डहाळी खोचलेली असायची. समोर टॉवर उठला, गॅलरीतला वारा गेला, तेव्हाही मी कुरकुरले नाही. माझा वारा तिकडे वाट बघत होता.

निवृत्त झाले त्या हिवाळ्यात तो मला तिकडे घेऊन गेला. घर उभं होतं, अगदी हुबेहूब. उंडीची फांदीसुद्धा दुखावलेली नव्हती. माझ्या खिडकीत एक अनोळखी बाई केस वाळवत उभी होती.

"माझे क्लायंट आहेत गं. जमिनीसकट त्यांनाच दिलं. तुला सांगणारच होतो," सुधीर म्हणाला. "पण ताई, एक रेघ बदलू दिली नाही मी!"

चेहऱ्यावर तोच गॅलरीतला निरागस अभिमान. मला फसवलं होतं त्याने, आणि त्याला ते कळलंही नव्हतं. झाडाला विचारून भिंत घालणाऱ्या माझ्या भावाने मला मात्र विचारलं नव्हतं.

पुठ्ठ्याचं घर अजून गॅलरीत आहे. तुळस केव्हाच वाळली. कधी संध्याकाळी मी दारापाशी उदबत्ती धरते. धूर सरळ वर जातो, आत वळत नाही. वारा आता दुसऱ्या कुणाला भेटून जात असेल, आणि त्या घरातली त्याची वाट मात्र मला डोळे मिटूनही पाठ आहे.