मोडोन, कोरोन आणि नोडोण

माझा भाचा चन्नवीर पीएच.डी.ला लागला तेव्हा मराठ्यांच्या कारभारावर इतके प्रबंध झाले होते, की ते एकावर एक रचले असते तर वर उभं राहून जोतिबाच्या कळसाला वाकून हात लावता आला असता. म्हणून पोरानं विषय घेतला तो थेट समुद्रापारचा. इटलीतलं व्हेनिस हे व्यापाऱ्यांचं शहर. सहाशे वर्षांपूर्वी त्याचं राज्य ग्रीक बोलणाऱ्या किनाऱ्यांवर होतं. ते कसं चालायचं, हा विषय. कोल्हापुरात ग्रीक येणारा माणूस एकही नव्हता, त्यामुळं चुका काढणाराही नव्हता.

नव्याण्णव साली मात्र एका सोमवारी दुपारी तीनला त्याची व्हायव्हा ठरली. पुण्याहून परीक्षक येणार होते, डॉ. एस. व्ही. बाराहाते. चन्नवीर सहा वर्षं कॉलेजात हंगामी. महिनाअखेरीला पदवी मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर त्या खुर्चीत दुसरा.

"प्रभू, सकाळी स्टेशनावर तू जा," त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण शिवगंगाक्का, मला म्हणाली. "पण पावण्यासमोर थापा मारू नगंस."

"मी कवा थापा मारल्या, अक्का?" मी म्हणालो. ती पुरण वाटायला निघून गेली.

गाडी आली. डब्याच्या दारात पिकल्या केसांच्या एक बाई बॅग धरून उभ्या. मी म्हणालो, "ओ बाई, जरा सरा की. आमचं पावणं उतरायचं हाय, मोठा माणूस हाय." बाई सरल्या. त्यांच्या मागनं जे उतरले ते म्हणजे साक्षात परीक्षक! कोट, टोपी, जाड चष्मा, काखेत फाईल.

"या पावणं!" मी म्हणालो.

"आलो की," ते म्हणाले. "लांब हाय व्हय घर?"

"राजारामपुरी. ह्यो काय, रिक्षानं पाच मिनिटं."

"बरोबर. राजारामपुरीच सांगितलंय."

आता आमच्याकडची रीत अशी, की अनोळखी माणसाला पावणं म्हणायचं आणि त्याचं पोट भरेपर्यंत 'काय काम काढलं?' असं विचारायचं नाही. रीत चांगलीच आहे. त्या दिवशी तेवढी महागात पडली.

अक्काच्या होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, इतक्या पातळ, की डोळ्यांसमोर धरली तर पलीकडच्या गल्लीतल्या पाट्या वाचता येतात. पावण्यांनी सहा खाल्ल्या, कटाची आमटी ओरपली आणि चन्नवीरकडं वळले.

"बोला. काय करताय म्हणायचं?"

 व्हायव्हा ताटावरच सुरू झाली असं समजून चन्नवीरनं भडाभडा सांगायला घेतलं. व्हेनिसचा हाकिम दोन वर्षांसाठी यायचा, त्याला लोकांकडून भेट घ्यायला बंदी, बहुधा ग्रीक येत नसे. मोडोन आणि कोरोन ही दोन बंदरं म्हणजे व्हेनिसचे दोन डोळे.

"माडोण?" पावणं खूश झाले. "अहो, ते आमचं कन्नड झालं की! माडोण म्हंजे करू या. मग तिसरं बंदर कुठाय?"

"कुठलं?"

"नोडोण. बघू या! त्याच्याबिगर कारभार चालतोय व्हय?" त्यांनी सातवी होळगी घेतली. "मी सीमेवरच्या कचेरीत तेहतीस वर्षं अव्वल कारकून. चौदा साहेब आले नि गेले, कन्नड एकालाबी न्हाय. अर्ज घिऊन आलेली म्हातारी कन्नडात रडायची, साहेब मराठीत 'न्हाय' म्हणायचं. मधी मी. मी म्हातारीला सांगायचो, नोडोण! म्हातारी आशेवर घरी जायची, साहेब चहा प्यायचं. आता सांगा, राज्य कुणाचं हुतं?"

चन्नवीरचा घास हातातच राहिला.

"ते ऱ्हाऊ दे," पावणं म्हणाले. "पत्रिका हाय न्हवं? आमची नात प्रेरणा बी.एस्सी. झालीया. पोरगा बोलका हाय, आमची पसंती."

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की मी जागच्या जागी चार इंच खचलो. हे कुरुंदवाडचे शिवशरण. नातीसाठी स्थळ बघायला आलेले. ते स्थळ पुढच्या गल्लीत ताटं मांडून बसलं होतं. आणि घड्याळात अडीच!

आमच्या गल्लीतल्या हंबीररावाची रिक्षा त्या दिवशी जमिनीला दोनदाच टेकली. एकदा सायबर चौकात, एकदा विद्यापीठाच्या दारात. शिवशरणही सोबत आले, म्हणाले, "पोराची परीक्षा हाय, मग बघितलीच पायजे."

परीक्षकांच्या खुर्चीत त्या स्टेशनावरच्या बाई! मला बघून म्हणाल्या, "उतरला का मोठा माणूस?" मी शेवटच्या बाकावर शिवशरणांच्या टोपीआड बसलो.

तासभर बाईंनी चन्नवीरला सोलला. शेवटी म्हणाल्या, "चारशे पानांत तुम्ही व्हेनिसचे हुकूम दिलेत. पण हाकिमाला भाषा येत नाही, दोन वर्षांत तो परत जातो. मग हुकूम लोकांपर्यंत पोचवत कोण होतं?"

 चन्नवीरच्या गाईडनी डोळे मिटले. मग पोरगा हळू म्हणाला, "बाई, तिथलेच लेखनिक आणि दुभाषे. हाकिम बदलायचे, ते बदलत नव्हते. वरून आलेला 'नाही' खाली पोचेपर्यंत 'बघू या' होत असणार. एकच बंदी चार वेळा पुन्हा काढलेली मी बघितलीय. पाळली असती तर पुन्हा कशाला काढली असती?"

"हे प्रबंधात कुठे आहे?"

"नाही, बाई. मला आजच जेवताना उमगलं."

बाई पहिल्यांदा हसल्या. "माझी सही घ्या. पण छापण्याआधी याची दहा पानं जोडायची, त्या चार हुकमांसकट." त्यांनी सही केली. मला वाटतं त्या पेनाचा आवाज पार जयसिंगपूरला गेला असेल. मग पेन मिटता मिटता त्यांनी विचारलं, "आणि जेवताना उमगलं म्हणजे? तळटीपेत कुणाचं नाव देणार?"

"शिवशरण, निवृत्त अव्वल कारकून, कुरुंदवाड."

"तुमचे कोण हे?"

चन्नवीरनं मागं बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी काही बोलायच्या आत शिवशरणच टोपी सारखी करून उभे राहिले.

"नोडोण, बाई," ते म्हणाले. "नोडोण."