उन्हात वाकलेली तबकडी

"हिला ऊन दाखवू नका बरं का," असं मुंबईच्या दुकानदारानं बजावलं होतं. इंदिरानं "हो, हो" म्हटलं आणि गाडीत बसेपर्यंत विसरलीसुद्धा. आणि म्हणे बी.ए. झालेली.

मित्रांनो, मी फोनोची, म्हणजे ग्रामोफोनची, काळी, लाखेची तबकडी. बाख नावाच्या जर्मन संगीतकारानं दोनशे वर्षांपूर्वी चर्चमधल्या ऑर्गनसाठी जे रचलं, ते पुढे कुणीतरी शंभर वादकांना वाटून दिलं. ते सगळे माझ्या रेघांत बसलेत. पण निम्मे एका बाजूला, निम्मे दुसऱ्या. आणि माणसांना धीर कुठला? पंचवटीतल्या इंदिराच्या घरी पाहुणे एक बाजू ऐकायचे, "छान" म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. मला उलटायचं, सुई बदलायची, एवढंही कुणाच्यानं होत नसे.

अपवाद शेजारचे वेणीमाधवकाका. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करण्यात जन्म गेला. आता कान गेलेले, घरात एकटे. ते फोनोच्या पेटीवर तळहात टेकून बसत. थोरल्या व्हायोलिनांचा खर्ज लाकडातून त्यांच्या हाती यायचा. "शंभर माणसं, आणि एकालाही गाता येत नाही?" असं इंदिराला डिवचायचे. बाजू संपली की मात्र हात न उचलता म्हणायचे, "उलटी कर गं. अजून संपलेलं नाही."

मग इंदिराच्या बाळाला गोवर निघाला. इंदिरानं काकांना खुणेनं सांगितलं, इतक्यात येऊ नका. बाळ बरं झालं, तशी तिनं खोलीतली एकूण एक चीज गच्चीवर उन्हात घातली. गाद्या, दुपटी, खुळखुळा आणि मी. का, तर बाळानं मला चाटलं होतं. रोग मेला की नाही ठाऊक नाही. माझी कड पापडासारखी वर वळली. सुई डुलायला लागली, सूर झोकांड्या खायला लागले, आणि मी मुरांब्याच्या बरणीवर झाकण झाले. आता काय ऐकवायचं, म्हणून काकांना बोलावणं राहूनच गेलं. न बोलावता येणारा तो माणूस नव्हे.

अहो, वाकली ती कड. आतल्या रेघा सरळ आहेत. आणि काकांना सूर कुठे हवा होता? थरथर हवी होती. हे बरणीवरून किती ओरडून सांगू?

मित्रांनो, तबकड्या सावलीत ठेवा, उभ्या ठेवा. पण ते नंतर. इथून खिडकीतून काकांचं दार दिसतं. कालपासून उघडलेलं नाही. जरा जाऊन बघा. कडी वाजवू नका, त्यांना ऐकू यायची नाही. दार लोटा, जवळ जा आणि त्यांच्या हातावर हात ठेवा.