मावशींच्या जबड्यातले अकरा आठवडे

दचकू नका. बटणांच्या डब्यातून बोलतोय खरा, पण मी बटण नाही. मी दात आहे. म्हणजे पुरता दातही नाही. हिरडीखाली हाडात बसवतात ते दाताचं कृत्रिम मूळ. धातूचं नव्हे, सिरॅमिकचं, पांढरंशुभ्र.

जन्मलो तेव्हा नुसती भुकटी होतो. मला दाबलं, कोरलं, अंगावर स्क्रूसारखे आटे पाडले आणि भट्टीत भाजून टणक केलं. मग कुपीत बंद करून दवाखान्याच्या खणात ठेवलं. खण उघडला की वाटायचं, आज माझी पाळी? पण धातूची भावंडं भराभर कामाला लागायची, मी तसाच.

शेवटी मावशी आल्या. सख्ख्या कुणाच्या नव्हेत. जिन्याखालच्या एवढ्याशा गाळ्यात त्या कपडे शिवायच्या आणि सगळी गिऱ्हाइकं त्यांना मावशी म्हणायची. वरचा पुढचा दात गेलेला. बोलताना डावा हात तोंडावर.

"एका हातानं तोंड झाकायचं आणि एका हातानं शिवायचं, किती दिवस चालणार असं?" बरोबर आलेली लेक म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी शेजारचा दात निरखला. "शिवणकाम करता ना, मावशी? दोरा दातानं तोडता. ही बघा खाच पडलीय. गेलेल्या दातालाही अशीच पडली असणार."

"अगं बाई, दातांनीच चहाडी केली की!"

साध्या कानातल्यांनीसुद्धा मावशींचे कान चिघळायचे, म्हणून धातू नको, मी बरा असं ठरलं. पण बाईंनी बजावलं, "हाड मुळात कमी आहे. हा रुजला तर रुजला, नाहीतर दुसऱ्याला जागा उरणार नाही. तीन महिने याला काहीही काम सांगायचं नाही. इथं दात आहे हेच विसरून जा."

मला हाडात फिरवून बसवलं, वर तात्पुरतं टोपण घातलं. पहिले दिवस मी जीव मुठीत धरून होतो. चौथ्या आठवड्यात मात्र हाड खरंच जवळ यायला लागलं. कसं सांगू? गर्दीत हरवलेल्या पोराचं बोट कुणीतरी हळूच धरावं, तसं. इतका वेळ खणात पडून काढलेल्या मला कुणीतरी धरत होतं!

लेकीनं मशीनवर चिठ्ठी चिकटवली: 'दोरा कात्रीनं!' कात्री नाडीत ओवून आईच्या गळ्यात अडकवली. "घंटा बांधलेल्या गायीसारखी दिसते मी," मावशी म्हणायच्या. पण जपायच्या हो. घास दुसऱ्या बाजूनं चावायच्या.

मग एक दिवस गिऱ्हाइकाच्या कसल्याशा थट्टेवर त्या मोठ्यानं हसल्या आणि हात तोंडावर गेलाच नाही. मला केवढं बरं वाटलं! हसत हसतच त्यांनी बाहीची शिलाई संपवली, दोरा उचलला, ओठ उघडले.

टक्.

हाडानं धरलेलं माझं बोट निसटलं.

"आई! दात!" लेक किंचाळली.

"तोडला का मी? तीस वर्षांची सवय गं, कळलंसुद्धा नाही."

लेकीनं पाहिलं ते एकदा. ती नसताना किती वेळा झालं ते मी मोजत होतो. मग मोजणं सोडलं. खरा दात ठणकून सांगतो. मला शीर नाही, मी सांगणार कसा? आणि चूक तरी कुणाची? बाई म्हणाल्या होत्या विसरा, मावशी विसरल्या. जपतात ते परक्याला. मला त्यांनी आपलं मानलं, तिथंच माझा घात झाला.

अकराव्या आठवड्यात बाईंनी मला दोन बोटांत धरलं. मी गर्रकन फिरलो.

"दुखतंय?"

"छे. सैल झाला असेल तर पिळा ना जरा. नाहीतर मी घालते एक टाका."

बाईंनी मान हलवली. "आता धरायला हाडच उरलं नाही, मावशी. दोरा दातानं तोडत होतात का?"

"नाही हो. ही काय कात्री गळ्यात!"

खोटं नव्हतं ते. लेकीनं पकडलं होतं तेही त्यांना खरंच आठवत नव्हतं. लेक फरशीकडे बघत राहिली. बाईंनी वहीत लिहिलं: पांढरं मूळ, निकामी, कारण कळलं नाही.

मावशींनी मला मागून घेतलं, उकळून या डब्यात टाकलं. आता त्यांना काढघालीचा दात आहे, पण तो टोचतो म्हणून दिवसभर पेल्यात पडून असतो. डावा हात पुन्हा तोंडावर. गिऱ्हाइकं थट्टा करत नाहीत.

पांढरं बटण शोधताना कधी त्यांचं बोट मला लागतं, क्षणभर थांबतं, पुढं जातं. तुमचं लागलं तर तुम्हीही पुढं जा. बटणाला निदान भोकं असतात, ते कशाला तरी शिवता येतं. मला तेही नाही.

डब्याचं झाकण अर्धवट उघडं असतं, त्यामुळं ऐकू येतं सगळं. चिठ्ठी केव्हाच गळून पडली, लेक आता काही बोलत नाही. तरी आजकाल मावशी एकदाही चुकत नाहीत. शिलाई संपते, मशीन थांबतं, आणि दर वेळी, न विसरता, कात्री वाजते.