हव्वाबीची देग

मित्रांनो, मला आतून घासायचे म्हणजे माणसाला कमरेपर्यंत वाकावे लागते, एवढी मोठी मी तांब्याची देग आहे. माझ्या गळ्याभोवती अक्षरे कोरलेली आहेत: 'खलकाची पोशिंदी हव्वाबी'. खलक म्हणजे सारी प्रजा. दुबईला रास अल खोरमध्ये हमदुल्ला केटररच्या गोदामात मी होते, तेव्हा जेवायला आलेले लोक त्या अक्षरांवरून बोट फिरवत आणि ही हव्वाबी कोण म्हणून विचारत. त्यांना जे सांगितले जाई ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे मी सांगते.

फार जुन्या काळी कोकणात एका खाडीच्या तोंडाशी खारगड नावाचा किल्ला होता. सुलतानाच्या वतीने तो सांभाळणाऱ्या किल्लेदाराने हव्वाबीशी निकाह लावला, त्या जेवणासाठी तांबटांनी मला ठोकून घडवले. नवी कोरी कल्हई लावून मला अंगणात आणले तेव्हा मी चांदीसारखी लखलखत होते. हव्वाबी तेव्हा कोवळी पोर होती. ती चिकाच्या पडद्याआड बसे, कमी बोले आणि सगळे ऐके.

थोड्याच वर्षांत किल्लेदार तापाने गेला. मुलगा अजून एमान दाईच्या अंगावर पीत होता. मुलगा मोठा होईपर्यंत बेगमने कारभार बघावा, असा सुलतानाचा हुकूम आला. पण हव्वाबीचा दीर कमरुद्दीन याने तो मानला नाही. बाईमाणसाच्या हाती किल्ला देऊन शिपाई तिचे ऐकणार आहेत का, असे तो उघड विचारू लागला.

हव्वाबीने इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागे घरात बसून काढायच्या दिवसांत, बसल्या बसल्या एकच गोष्ट केली. धान्याच्या कोठाराच्या किल्ल्या मागवून घेतल्या. तोवर शिपाई शिधा घरी नेऊन शिजवत. आता सगळ्यांनी माझ्यातलेच जेवायचे, तिच्या पडद्यासमोर बसून. कोणी तिच्याविरुद्ध बोलले की आचारी उमर याला आतून निरोप येई, आणि त्या माणसाच्या ताटात काही पडत नसे. मारहाण नाही, वाईट शब्द नाही. त्याच्या डाव्या उजव्या हाताचे लोक जेवत, आणि तो रिकाम्या ताटापुढे बसून राही. दोन चार दिवसांत तो आपणहून पडद्यापाशी येऊन मान खाली घाली. मी तेव्हा भाबडी होते. इतकी माणसे आपल्याभोवती जमतात याचा मला अभिमान वाटे.

मग कमरुद्दीनने मिठागरांच्या गावांतून माणसे जमवली आणि किल्ल्याला वेढा घातला. त्या गावांतले म्हातारे आणि बायकापोरे आधीच भिऊन किल्ल्यात येऊन राहिली होती. कोठार उतरू लागले. एका सकाळी हव्वाबीने हुकूम दिला, की जे लढू शकत नाहीत त्यांना दरवाजाबाहेर काढा. त्यात एमान दाईही होती.

उमर आचारी हातातला डाव खाली ठेवून पडद्यापुढे गेला. 'बेगमसाहेब, एमानने तुमच्या लेकराला दूध पाजलंय. तिला तरी राहू द्या.'

'तिचे दोन्ही मुलगे कमरुद्दीनच्या फौजेत आहेत ना?' आतून आवाज आला.

'होय. पण त्यात तिचा काय दोष?'

'दोष काहीच नाही. त्यांना त्यांची आई दिसली पाहिजे.'

दरवाजा उघडला आणि बंद झाला. हा काही डाव असेल म्हणून कमरुद्दीनने त्या लोकांना पुढे जाऊ दिले नाही. ती माणसे तट आणि वेढा यांच्यामधल्या उघड्या माळावर बसून राहिली. हव्वाबीने उमरला सांगितले, की देगेत धान्य मूठभर टाकलेस तरी चालेल, पण कांदा रोज तुपात परत. वारा बाहेर वाहत होता. माझा तो वास तटावरून माळावर जाई आणि तिथून लहान मुलांचे रडणे आत येई. नंतर ते येईनासे झाले.

कमरुद्दीनच्या शिपायांनी आपल्या माणसांकडे लपूनछपून भाकऱ्या फेकल्या. त्याने त्यातल्या एकाला सर्वांसमोर चाबकाने फोडले. हव्वाबी तटावरच्या जाळीआडून ते बघत होती, आणि याचीच ती वाट बघत होती. दुसऱ्या दिवशी शिपायांनीच कमरुद्दीनला बांधून दरवाजाशी आणले. एमानच्या मुलांनी आईला उचलून आणले होते. ती गेलेली होती.

त्या दिवशी हव्वाबी प्रथमच पडद्याबाहेर आली. वाचलेल्यांना तिने स्वतःच्या हाताने वाढले. एमानचा थोरला मुलगा पुढे आला तेव्हा तिने विचारले, 'मीठ बरोबर आहे ना?'

तो ताटाकडे बघत म्हणाला, 'बरोबर आहे, बेगमसाहेब.'

कमरुद्दीनला तिने मारले नाही. रोज दुपारी त्याला अंगणात आणत आणि माझ्यातले पहिले ताट सर्वांदेखत त्याला वाढत. पुढे हव्वाबीने मोठा कारभार केला. जहाजे वाढली, सुलतानाचे वकील पडद्यापुढे वाकू लागले. दुष्काळात तिने खरोखरच गावेच्या गावे जगवली. तेव्हाच माझ्या गळ्यावर ही अक्षरे कोरली गेली. ती म्हातारी होऊन आपल्या अंथरुणात शांतपणे गेली. तिला कसलेही शासन झाले नाही.

पिढ्यांमागून पिढ्या मी रत्नागिरीकडच्या एका घराण्यात राहिले. तिथली मरियमबी मुलाकडे आखातात आली, तेव्हा जहाजातून मीही आले. हमदुल्ला हा तिचा मुलगा. रमजानात तो आसपासच्या वर्कशॉपांतल्या कामगारांना माझ्यातली बिर्याणी फुकट वाटे, आणि मरियमबी खुर्चीवर बसून दुष्काळातल्या हव्वाबीची गोष्ट सांगे.

यंदा हमदुल्ला तिथल्या कोकणी लोकांच्या मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभा होता. समोर होता मागच्या गल्लीतला गॅरेजवाला अजीज. एका संध्याकाळी रांगेत अजीजचे कामगार दिसताच हमदुल्ला वाढणाऱ्या वासिफला म्हणाला, 'यांना बाजूला कर. अजीजचे लोक अजीजकडे जेवतील.'

हमदुल्लाची मुलगी मुनिबा युनिव्हर्सिटीत शिकत होती. ती वाढायला मदत करत असे. ती म्हणाली, 'अब्बा, देअर इज सो मच फूड लेफ्ट. त्यांचा रोजा आहे.'

'तुला इलेक्शनमधलं काय कळतं? तू वाढ. यल्ला, चल लवकर.'

ती माणसे निमूटपणे गेली. उरलेली बिर्याणी काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्यात टाकली. मुनिबाने दादीला विचारले, 'हव्वाबीने असं केलं असतं?'

मरियमबीने आजूबाजूला कोणी नाही असे बघितले आणि माळावरची गोष्ट तिला सांगितली. एमानसकट सगळी. तिला ती पहिल्यापासून ठाऊक होती.

'मग तू ही का नाही सांगत, दादी?'

'जेवणाऱ्यांना कशाला सांगायची? राज्य असंच राखावं लागतं, बाय. तुझ्या बापाला आता कुठे कळायला लागलंय.'

दुसऱ्या संध्याकाळी मुनिबाने डाव हातात घेतला नाही. ती अजीजच्या कामगारांमध्ये जाऊन उभी राहिली. अजान झाली, रांग सरकली. वासिफ एकेकाला बाजूला काढत तिच्यापाशी आला आणि थांबला.

'सेठ, ये तो अपनी मुनिबा है.'

सगळी रांग हमदुल्लाकडे बघत होती. त्याने मुलीकडे बघितले, मग लोकांकडे बघितले.

'अजीजच्या लोकांत उभी आहे ना? मग तिलाही नाही. खलास.'

मरियमबीच्या हातातली तसबीहची माळ क्षणभर थांबली आणि पुन्हा फिरू लागली. मुनिबा त्या कामगारांबरोबर चालत रस्त्यापलीकडे गेली. त्यांच्यातल्या कोणीतरी खिशातला खजूर काढून तिच्या हातावर ठेवला. शनिवारी ती बॅग भरून शारजाच्या हॉस्टेलवर राहायला गेली. हमदुल्ला निवडून आला.

आता मी मंडळाच्या हॉलमध्ये काचेआड आहे. मला चकचकीत पुसतात, माझ्यावर दिव्याचा झोत सोडतात, माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. माझ्यात काही शिजत नाही. शेजारच्या पाटीवर दुष्काळाची गोष्ट लिहिली आहे, आणि खाली हमदुल्लाचे नाव आहे.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना जपा असे मी तुम्हाला सांगत नाही. मला हवे त्याहून जास्त जपले आहे. अन्न वाढणाऱ्याचे नाव कोरलेले कुठे दिसले, तर त्या दिवशी दरवाजाबाहेर कोण होते, एवढे मात्र विचारत जा. माझ्या अंगावर एमानचे नाव कुठेही नाही. ते तुम्ही लक्षात ठेवा.