टीव्हीकडे पाठ

माझ्या सासूबाई, कमलबाई, अख्ख्या वालूरात मऊ काळजाच्या म्हणून ओळखल्या जातात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

त्या दुपारी टीव्हीवर जुना कार्टून सिनेमा लागला होता, मला लहानपणापासून ठाऊक असलेल्या एका परीकथेवरचा. जंगलात सोडून दिलेल्या पोरीसाठी सासूबाईंचा पदर भिजला.

खाली फरशीवर आमच्या सालगड्याची दहा वर्षांची रोहिणी पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. दाण्याची साल निघाली तर तो उगवत नाही. तिचं ध्यान हलू नये म्हणून सासूबाईंनी तिला टीव्हीकडे पाठ करून बसवलं होतं. तिला नुसतं ऐकू येत होतं.

सिनेमाच्या शेवटी ती पोर राणी झाली, तिचं लग्न लागलं.

"मालकीणबाई, त्या पोरीचं काय झालं?" रोहिणीनं मागं न वळता विचारलं.

"मेली," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"मंग वाजंत्री कशाची वाजायलीय?"

"मयताची. तू शेंगांकडं बघ."

रोहिणीचे हात थांबले. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. पडद्यावरचे वऱ्हाडी आता मोठ्यानं हसायला लागले होते. मी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.