एकविसाव्या पानावरची मिशी

माझा साडू माझ्यापेक्षा बुटका आहे, त्याच्या डोक्यावर केस मोजकेच उरलेत आणि त्याचा आवाज फुटक्या पिपाणीसारखा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल मी जे सांगेन ते तुम्हाला निःपक्षपाती वाटेल.

आम्हा दोघांना एकच रोग. एका देशाच्या इतिहासावरची जुनी, दुर्मीळ पुस्तकं जमवायची. तो देश दोघांपैकी एकानेही पाहिलेला नाही. चहूकडे डोंगर, मधे एक तळं आणि घोड्यावरून पडून मेलेल्या राजांची लांबलचक रांग, एवढाच त्याचा पसारा. पण त्याच्यावर लिहून ठेवलेली पुस्तकं पाहिलीत तर वाटेल, तिथे पेरणीच्या जागी छपाईच होत असावी. जेवताना, झोपताना, दाढी करताना मी त्या देशाचंच नाव घ्यायला लागलो, तेव्हा बायकोने ते नाव घरात घ्यायला बंदी केली. तेव्हापासून आमच्या घरी 'तो देश' म्हणतात. शेजारीही म्हणतात. परवा पोस्टमनने विचारलं, "काय, तो देश बरा आहे ना?"

रोग आधी मला झाला. साडू जेवायला आला होता, त्याने टेबलावर पुस्तक पाहिलं, चाळलं, नाक मुरडलं आणि पुढच्याच आठवड्यात स्वतः त्याच देशावरची दोन घेऊन आला. तो म्हणतो, रोग त्याच्याकडून मला लागला. आता माझ्यावर विश्वास ठेवायचा की पिपाणीवर, ते तुमचं तुम्ही बघा.

आता कोणी विचारेल, ही पुस्तकं तुम्ही वाचता का? छे! जमवणारा वाचत बसला तर जमवणार कधी? पुस्तक हातात आलं की मी आधी वास घेतो. मग बांधणी, मग छापल्याचं साल, मग नकाशे जागेवर आहेत की कोणी फाडून नेलेत ते. वाळवीने भोक पाडलं असेल तर त्यात फुंकर मारतो. भोक आरपार असलं की समोर पेपर वाचत बसलेल्या बायकोचं पान उलटतं. एवढं झालं की एकविसावं पान काढतो आणि तळाशी छापलेल्या आकड्याखाली पेन्सिलने एक बारीकशी मिशी काढतो. टोकं वर वळलेली, ऐटबाज. पुस्तक माझं झालं याची ती खूण. शिक्का मारला तर प्रत बाटते. मिशीने शोभा वाढते. ही मिशी मी कधी कोणाला दाखवली नाही, बायकोलासुद्धा नाही.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. कपाटं भरली आणि पुस्तकं पलंगाखाली शिरली, तेव्हा दोघींनी फोनवर बोलून दोन्ही घरांत एकच कायदा लावला. एक पुस्तक आत आलं की एक बाहेर. दारातच अडवायच्या. माझी बायको तर हात पुढे करून उभी राहायची, "आलेलं नंतर दाखवा. जाणारं कुठे आहे?"

म्हणून मी त्यातल्या त्यात भिकार पुस्तक उचलायचो आणि कानटोपीच्या दुकानात टाकून यायचो. कानटोपी म्हणजे आमच्या गावातला जुन्या पुस्तकांचा एकुलता एक दुकानदार. भर उन्हाळ्यातही कानटोपी घालून बसतो, कारण गिऱ्हाइकांची घासाघीस त्याला ऐकायची नसते. माणूस पक्का. दुकानात आलेल्या पुस्तकाचं माहेर तो कधी कोणाला सांगत नाही. मी सकाळी जायचो. साडू संध्याकाळी जायचा, म्हणजे त्याला माझं तोंड बघायला लागू नये. हा पहिल्यापासूनच मनाचा कोता.

आणि आम्ही एकमेकांना आपापली पुस्तकांची खोली कधी दाखवली नाही. कुलूप! नुसत्या फोनवरून बढाया. तो सांगायचा, "रंगीत डोंगरांचा नकाशासंग्रह मिळाला बुवा." मी म्हणायचो, "अरे वा, छान," आणि फोन ठेवून भिंतीवर डोकं आपटायचो. आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीला जो खड्डा आहे तो त्याचाच. पाहुण्यांना आम्ही दिवा ठेवायचा कोनाडा म्हणून सांगतो.

पण खरी आग लागली ती तिसऱ्या खंडाने.

त्या देशाचा सगळ्यात मोठा इतिहास तीन खंडांत आहे. पहिले दोन माझ्याकडे. तिसऱ्यासाठी मी कुठेकुठे पत्रं लिहिली, किती लिलावांत कोपरखळ्या खाल्ल्या, विचारू नका. कपाटात दुसऱ्या खंडाशेजारी त्याची जागा रिकामी ठेवली होती. रोज ती जागा फडक्याने पुसायचो, जसा काही पाहुणा दारात उभा आहे. तिसरा खंड मिळाला की मग मी मरायला मोकळा, असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "कोणाला मिळतोय का बघते."

आणि एके दिवशी फोनवर पिपाणी वाजली. "साडूभाऊ, तिसरा खंड मिळाला बुवा!"

त्या दिवशी माझ्या अंगाची अशी काही लाही झाली की बायकोने ओला टॉवेल माझ्या पाठीवर वाळवला. खोटं वाटत असेल तर टॉवेल अजून आहे, पाठही आहे.

मग देव पावला म्हणा, साडू पडला. वरच्या फळीवरची धूळ झटकताना स्टूल सरकलं आणि पाय मोडला. त्या देशाच्या राजांसारखाच, फक्त घोड्याऐवजी स्टूल. तो हॉस्पिटलात आणि त्याला वाचायचा चष्मा हवा. मेहुणी तिथून हलू शकत नव्हती. तिने किल्ली माझ्या हातात दिली.

"भाऊजी, तेवढा चष्मा आणा. पुस्तकांच्या खोलीत आहे. मला तर कंटाळा आलाय त्या कुलपाचा."

मी ती खोली उघडली आणि तिथेच भिंतीला टेकलो. काय पुस्तकं होती! तळ्यावरच्या होड्यांचा इतिहास, जाडजूड, कोपरे कसे शाबूत. राण्यांच्या पत्रांचे खंड. डोंगरातल्या बंडाळ्यांवरचं ते लालसर पुस्तक. एकेकाला हात लावून बघत होतो. हे सगळं या बुटक्याकडे? आणि माझ्याकडे काय, तर कसल्याशा जकातीची माहिती आणि पाळीव घोड्यांच्या वंशावळी! माझ्या अंगाच्या धगीने खोलीतल्या खोक्यातल्या मेणबत्त्या मऊ पडल्या.

निदान एखाद्या पुस्तकाला वाळवी असावी या आशेने मी राण्यांची पत्रं उघडली. हात आपोआप एकविसाव्या पानावर गेला.

मिशी!

तळ्यावरच्या होड्या काढल्या. मिशी. बंडाळ्या. मिशी. नकाशासंग्रह. मिशी, आणि तीही त्या दिवशी मी जरा खुशीत असणार, चांगली पिळदार. भिकार म्हणून मी टाकलेली सगळी पुस्तकं या माणसाने संध्याकाळी जाऊन उचलली होती. माझा कचरा साल्याच्या कपाटात मांडलेला, आणि त्याच्याकडे बघून जळत होतो मी!

मला असं हसू फुटलं की वरच्या मजल्यावरच्यांनी पाय आपटले. आता हॉस्पिटलात जातो आणि सांगतो, लेका, तुझं सगळं वैभव म्हणजे माझी रद्दी आहे!

निघता निघता तिसरा खंड दिसला. नव्या हिरव्या चामड्यात बांधलेला, पाठीवर सोनेरी अक्षरं. एकविसावं पान काढलं.

मिशी.

 आठवलं सगळं. एक पुस्तक आलं होतं, पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत. वास घेतला, मिशी काढली आणि पुढच्याच खरेदीला 'हे बिनचेहऱ्याचं कोण ठेवतो' म्हणून देऊन टाकलं. नाव प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलं होतं की! पण मी बघतो पानाचा तळ. गावोगाव ज्याच्यासाठी पत्रं लिहीत होतो तो माझ्याच घरात राहून गेला होता.

आता झाली पंचाईत. मिशी माझी आहे असं सांगितलं तर साडूची जिरते. पण तो लगेच विचारणार, मग तिसरा खंड टाकलात कशाला? आणि पुढच्या प्रत्येक लग्नात, बारशात ही गोष्ट पिपाणीवर वाजणार. तोंड शिवून मी हॉस्पिटलात गेलो.

पाय वर टांगलेला, आणि चेहरा असा की सिंहासनावर बसलाय.

"काय साडूभाऊ, पाहिलीत खोली? रंग का उडालाय?"

"जिने चढलो ना तुमचे."

"घर तळमजल्यावर आहे आमचं."

मी चष्मा पुढे केला. तो डोळ्याला लावून म्हणाला, "हा लांबचा. मला जवळचा हवा होता. जाऊ द्या, आता आलाच आहात तर एक गुपित सांगतो. कुठे बोलू नका. एकविसाव्या पानाची मिशी माहीत आहे?"

मी खोकल्यासारखं केलं.

"कोणीतरी मोठा जाणकार असला पाहिजे. कधीच गेला असेल बिचारा. त्याने पारखलेल्या पुस्तकावर तो मिशी काढायचा. काय नजर होती त्या माणसाची! मी मिशी बघितल्याशिवाय पुस्तक घेतच नाही."

जन्मात पहिल्यांदा या माणसाने माझं कौतुक केलं, आणि मला 'मीच तो' म्हणता येईना.

"तेवढी तिसऱ्या खंडाची मिशी बघायची राहिली," तो म्हणाला. "सापडल्याच्या आनंदात तसाच बांधायला टाकला. घरी गेलो की आधी तेच. मिशी नसली तर पाठ्यपुस्तकवाल्यांनी नंतर छापलेली प्रत समजायची आणि दुसऱ्या दिवशी कानटोपीकडे परत!"

मी उठलोच. "जवळचा चष्मा लागेल ना तुम्हाला? आणतो."

"अहो, बसा, सावकाश..."

कुठलं सावकाश! वाटेत खोडरबर घेतला, कुलूप उघडलं आणि श्वास रोखून ती मिशी खोडली. एकेक टोक हळूहळू. स्वतःची मिशी भादरतानाही मला इतकं वाईट वाटलं नसतं. चष्मा पोचवून घरी आलो आणि कपाटातली रिकामी जागा पुन्हा पुसून घेतली.

साडू घरी गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी कानटोपीच्या दुकानात ठाण मांडलं. सकाळीही आणि संध्याकाळीही. कानटोपी म्हणाला, "तुम्हाला फळीवर ठेवू का आता?" तिसरा खंड काही येईना. आला तो साडूचा निरोप. सगळ्यांनी जेवायला या.

जेवणं झाल्यावर त्याने लंगडत जाऊन काचेची एक नवी पेटी आणून टेबलावर ठेवली. आत तिसरा खंड, एकविसाव्या पानावर उघडलेला, आणि शेजारी भिंग.

"बघा साडूभाऊ, नीट बघा. मिशी नाही."

"मग?" माझा आवाज पिपाणीसारखाच आला. "परत करायचा ना?"

"वेडे आहात का? भिंगातून बघा. मिशी होती! खोडली आहे. आता मला सांगा, अशी खूण कोण खोडतो? ज्याला ही प्रत कोणाची हे लपवायचं होतं तो. ही प्रत त्या देशाच्या राजवाड्यातून चोरलेली असणार! शेवटच्या राजाच्या उशाची!"

मेहुणी म्हणाली, "दोन दिवस हेच चाललंय, ताई."

"कोणीतरी या प्रतीसाठी जीव टाकत होतं," साडू डोळे मिटून म्हणाला. "काय जळला असेल तो माणूस!"

"असेल," मी म्हणालो.

"तुमच्याकडे पहिले दोन आहेत ना? देऊन टाका मला. संच होईल."

मी आयुष्यात इतक्या मोठ्याने 'नाही' म्हणालो नव्हतो. काचेच्या पेटीला तडा गेला. तो म्हणतो, तडा आधीपासून होता.

 येताना घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "शर्टाच्या खिशात खोडरबर कशाला बाळगता हल्ली?"

"हिशेबाला."

"बरं. आणि ते हिरवं पुस्तक म्हणजे आपल्याकडचं बिनकव्हराचंच ना? दाराशी मीच तुमच्या हातात दिलं होतं. ठेवू का म्हणून विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, रद्दी."

मी चालण्याचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर दुसऱ्या खंडाशेजारी इस्त्री ठेवलेली. घरात रिकामी जागा दिसली की ती वापरायची, हाही दोघी बहिणींचा कायदाच.  रोज सकाळी इस्त्री उचलतो, खालची जागा पुसतो आणि इस्त्री परत तिथेच ठेवतो. काही दिवशी तर तार न लावताच ती गरम असते.